गाडीला हात दाखवून पाहिलेला आपला वारसा



आपल्या आधीच्या माणसांनी आपल्यासाठी जे मागे ठेवले, त्याला वारसा म्हणतात. शेत हा वारसा आहे. देऊळ, जुनी भांडी, आपली बोली आणि हुतात्म्यांची आठवण हासुद्धा वारसाच आहे.

चौथीच्या इतिहासात आपण शिवछत्रपती शिकतो. त्यात रायगड, प्रतापगड, पुरंदर येतात. दिवाळीत माझा मामेभाऊ आला होता. तो म्हणाला, "तुमच्या म्हसावदला एक पण किल्ला नाही. म्हणजे तुमच्याकडे इतिहासच नाही." मला तेव्हा उत्तर देता आले नाही. म्हणून थंडीत एका रविवारी आम्ही उत्तर शोधायला निघालो. आई, बाबा, आजी, लहान भाऊ आणि मी, असे पाच जण होतो.

बाबा म्हणाले, "आज ज्याची गाडी त्या वाटेने जाईल, त्याच्या गाडीने जाऊ. वाटेची माहिती वाटेवरच्या माणसाला असते." आजीने फडक्यात दादरच्या भाकरी आणि ठेचा बांधून घेतला.

पहिली गाडी : दुधाचा टेम्पो

म्हसावदच्या रस्त्यावर बाबांनी दुधाच्या टेम्पोला हात दाखवला. ड्रायव्हरकाकांनी विचारले, "कथा जाई ऱ्हायनात?" ही अहिराणी आहे. कथा म्हणजे कुठे. आजी आणि मी पुढे बसलो, बाकीचे मागे कॅनांजवळ बसले.

काकांनी मागे बोट दाखवले. मागे निळा निळा सातपुडा दिसत होता. ते म्हणाले, "आपल्या गावावरून राणीपूरकडे जो रस्ता जातो, तोच पुढे घाट चढून तोरणमाळला जातो." तोरणमाळला यशवंत तलाव आहे आणि गोरखनाथाचे देऊळ आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. आजी लहानपणी त्या यात्रेला पायी गेली होती. ती सगळी वाट तिने काकांना सांगितली.

काका रोज गावोगाव फिरतात. ते अहिराणी, गुजरी, भिली आणि पावरी अशा चार बोलींत दुधाचा हिशेब करतात. मला ते फार भारी वाटले. बोली काही किल्ल्यासारखी डोळ्यांनी दिसत नाही, पण ती किती पिढ्यांपासून चालत आली आहे! कोणी बोललेच नाही, तर ती संपून जाईल.

दुसरी गाडी : पपईची पिकअप

शहाद्याला आम्ही उतरलो. तिथून प्रकाशाला जायला पपईची पिकअप मिळाली. ड्रायव्हरदादा म्हणाले, "बठ माय," आणि आजीला हात देऊन पुढे बसवले. दादांनी गोमाई नदीची माहिती सांगितली. गोमाई सातपुड्यातून निघते, शहाद्यावरून वाहते आणि प्रकाशाला तापीला मिळते. म्हणजे गोमाईला जिथे जायचे, तिथेच आम्हालाही जायचे होते.

प्रकाशाला आजीने संगमावर अंघोळ केली आणि केदारेश्वराचे दर्शन घेतले. या गावाला दक्षिण काशी म्हणतात. आजी म्हणते, काशीला जाऊन आले तरी प्रकाशाला यावेच लागते.

पण प्रकाशा देवळांच्याही पुष्कळ आधीचे आहे. गावाजवळ जुन्या वस्तीचे टेकाड आहे. १९५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केले. उत्खनन म्हणजे जुन्या गोष्टी शोधण्यासाठी केलेली सावकाश खोदाई. सगळ्यांत खालच्या थरात तांब्याच्या काळातली वस्ती सापडली. ती सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची आहे. तिथे लाल भांड्यांवर काळ्या रंगाची नक्षी होती आणि दगडाची लहान पातीही होती. त्या थरात लोखंड नव्हते. लोखंडाच्या वस्तू त्याच्या वरच्या थरांत मिळाल्या.

खालचा थर जुना, हे कसे कळते? बाबांनी सोपे करून सांगितले. आजीच्या खोलीची जमीन दर आठवड्याला सारवतात. आजचे सारवण वर असते आणि आजीच्या लग्नातले सगळ्यांत खाली असते. जमिनीचे थर तसेच वाचायचे.

माझ्या भावाला वाटेत एक खापरीचा तुकडा दिसला. तो म्हणाला, "घरी नेऊ." बाबांनी त्याला ती होती तिथेच ठेवायला लावली. खापरी कोणत्या जागी आणि कोणत्या थरात होती, यावरूनच तिचे वय कळते. खिशात घातली की ती नुसती खापरी. प्रत्येकाने एक एक नेली तर प्रकाशाचा इतिहास कोण वाचणार?

अजून एक नवल ऐका. प्रकाशाच्या काही भांड्यांची पद्धत जोर्वे गावच्या भांड्यांसारखी आहे. जोर्वे इथून खूप लांब, संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी आहे. म्हणजे तेव्हाही माणसे लांब लांब जात होती, आणि त्यांच्याबरोबर भांडी करण्याची रीतही जात होती. मोटारी नव्हत्या, तरी वाटा होत्या. आजही शहाद्याहून नंदुरबारला जाणारा रस्ता प्रकाशाजवळच तापी ओलांडतो.

तिसरी गाडी : मिरचीचा टेम्पो

पुलाजवळ लाल मिरचीचा टेम्पो थांबला. पोत्यांजवळ बसून आम्ही शिंकून शिंकून बेजार झालो. आई म्हणाली, "तापीकडे बघा, म्हणजे शिंका विसराल." गोदावरी आणि कृष्णा पूर्वेकडे वाहतात, पण आपली तापी पश्चिमेला जाते आणि सुरतजवळ समुद्राला मिळते.

नंदुरबारला मिरचीचा मोठा बाजार आहे. मोकळ्या जागी मिरची वाळत घालतात, तिला पथारी म्हणतात. लांबून लाल सतरंजी अंथरल्यासारखी दिसते. टेम्पोवाल्या भाऊंनी पैसे घेतले नाहीत. आजीने त्यांना भाकरी दिली. ते म्हणाले, "माणिक चौकात जाऊन या. पोरांना ते दाखवा."

माणिक चौकात हुतात्मा शिरीषकुमार यांचे स्मारक आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत 'छोडो भारत' आंदोलन सुरू झाले. तेव्हा नंदुरबार पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या मुलांनी तिरंगा घेऊन मिरवणूक काढली. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा हे पाच जण हुतात्मा झाले. शिरीषकुमारांचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. मी बोटांवर मोजले. तेव्हा त्यांना सोळावे वर्षसुद्धा पुरे झाले नव्हते. माझ्यापेक्षा ते फक्त पाच वर्षांनी मोठे होते. आम्ही तिथे हात जोडून उभे राहिलो. भाऊपण गप्प होता.

संध्याकाळी आम्ही बसने घरी आलो.

यातून काय कळले?

किल्ला असला तरच इतिहास असतो, असे नाही. आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. म्हणजे जिल्हा नवा आहे, पण इथली वस्ती हजारो वर्षांची आहे. प्रकाशाला भांडी घडवणाऱ्या माणसांची नावे कोणाला माहीत नाहीत, तरी त्यांच्या हातचे काम इतकी वर्षे टिकले. इतिहास त्यांचाही आहे.

दुसरे असे की गाडीवाले दूध, पपई आणि मिरची नेतात, तशी माहितीही नेतात. विचारले तर सांगतात.

महत्त्वाची सूचना : मुलांनी एकट्याने कोणत्याही गाडीला हात दाखवू नये. घरची मोठी माणसे बरोबर असतील तरच गाडीत बसावे.

करून पहा

१. वहीत म्हसावद, शहादा, प्रकाशा व नंदुरबार यांचा नकाशा काढा. त्यात सातपुडा, गोमाई आणि तापी दाखवा.
२. आजी-आजोबांना विचारून आपल्या बोलीतले दहा शब्द लिहा.
३. जुनी खापरी किंवा कोरलेला दगड दिसला तर हलवू नका. जागा लिहून घ्या आणि गुरुजींना किंवा बाईंना सांगा.

पालकांना विनंती : तुम्हाला आपल्या भागाची एखादी जुनी गोष्ट माहीत असेल, तर वर्गात येऊन सांगा. आम्ही ती पुढच्या अंकात लिहू.