फर्मवेअरची उमेदवारी



संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर विंडोज अथवा लिनक्सचे चिन्ह उमटेपर्यंत जे काही सेकंद जातात, त्या सेकंदांत यंत्राच्या पोटात काय चालते, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांना पडला असेल? आम्हास तो कधी पडला नव्हता. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेच्या काउंटरवर वीस वर्षे काढलेली. संगणक म्हणजे पासबुकात नोंदी छापणारे यंत्र, एवढीच आमची समजूत. परंतु आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला गेला आणि त्याच्या पाठोपाठ आम्हासही या वयात हा विषय शिकावा लागला. त्यातून जे समजले ते आपल्या मुलामुलींच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने हा लेख लिहीत आहोत. तांत्रिक बाबी आम्ही भाच्याकडून तपासून घेतल्या आहेत.

प्रथम फर्मवेअर म्हणजे काय ते पाहू. सकाळी शाखेचे दार उघडले की बँकेचा व्यवहार लगेच सुरू होतो असे नाही. दोघांकडच्या दोन किल्ल्या लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. मग रोकड मोजली जाते, कॅशिअरच्या ताब्यात जाते, वहीवर सह्या होतात आणि त्यानंतरच पहिल्या ग्राहकाची स्लिप आत घेतली जाते. ग्राहकाला यातले काहीच दिसत नाही. संगणकातले हे सकाळचे काम ज्या प्रोग्रॅमकडे असते तो फर्मवेअर. मदरबोर्डवरील एका चिमुकल्या, बहुधा आठ पायांच्या फ्लॅश चिपमध्ये तो लिहिलेला असतो. पूर्वी त्याला सरसकट बायोस म्हणत; अलीकडच्या यंत्रांत यूईएफआय असते.

हे काम दिसते तितके सोपे नाही. वीज मिळून प्रोसेसर जागा होतो तेव्हा रॅम चालू झालेली नसते. तिचा वेग, तिच्या तारांवरील संकेतांची वेळ, हे सारे फर्मवेअरने जुळवून द्यावे लागते. पण ते जुळवणारा प्रोग्रॅम चालवायलाही थोडी जागा हवीच! त्यावर युक्ती अशी की, प्रोसेसरच्या आतली लहानशी कॅश स्मृती तेवढ्यापुरती रॅम म्हणून वापरायची. पाटी हाती येईपर्यंत तळहातावर आकडेमोड करावी, तसाच हा प्रकार. भाच्याने हे सांगितले त्या रात्री आम्हास बराच वेळ झोप आली नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

बहुतेक संगणकांतले फर्मवेअर बंदिस्त असते. कंपनी देईल ते घ्यायचे. आत काय लिहिले आहे ते वाचता येत नाही, आणि कंपनीने सुधारणा देणे थांबवले की चूक तशीच राहते. यास पर्याय म्हणून १९९९ साली अमेरिकेतील लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी लिनक्सबायोस नावाचा प्रकल्प सुरू केला. तेथे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांचे समूह चालवावे लागत, आणि एखादे यंत्र सुरू होताना अडले की माणसाने कीबोर्ड घेऊन त्याच्यापाशी जावे लागे. हा त्रास टाळण्यासाठी त्यांनी फर्मवेअरच नव्याने लिहायला घेतले. २००८ साली या प्रकल्पाचे नाव कोअरबूट झाले. त्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, आणि तो मुख्यतः सी भाषेत आहे. गूगलच्या क्रोमबुक यंत्रांत कोअरबूटच असते. तेव्हा हा काही चार हौशी लोकांचा खेळ नव्हे.

आता मूळ मुद्दा. गूगल कंपनीने २००५ साली ‘समर ऑफ कोड’ नावाचा उपक्रम सुरू केला. मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थांनी नवशिक्यांना मार्गदर्शक द्यावेत, नवशिक्यांनी ठरलेल्या मुदतीत एक काम पुरे करावे आणि त्याचे विद्यावेतन गूगलने द्यावे, अशी ही व्यवस्था आहे. कोअरबूटने यात अनेक वर्षे भाग घेतला आहे. आमच्या पिढीच्या भाषेत सांगायचे तर ही उमेदवारी आहे. सुताराच्या हाताखाली पोर राहते तशी. फरक एवढाच की मिस्त्री जर्मनीत किंवा अमेरिकेत आणि उमेदवार आपल्या गल्लीत.

अट फार नाही. वय अठरा पूर्ण असावे. २०२२ पासून विद्यार्थी असण्याचीही सक्ती राहिलेली नाही; मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नवखा असलेला कोणीही अर्ज करू शकतो. गुणपत्रिका मागत नाहीत, शिफारसपत्र लागत नाही, आणि प्रवेशासाठी एक पैसाही फी नाही. हे शेवटचे वाक्य पालकांनी दोनदा वाचावे. आमच्या मेहुण्यांनी एका खाजगी क्लासला ‘निवडीची हमी’ म्हणून आठ हजार रुपये मोजले. त्या क्लासने भाच्याला एक तयार अर्ज दिला, त्यात फक्त नाव बदलायचे होते. असा अर्ज वाचणाऱ्याला तो पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतो. आजकाल यंत्राकडून लिहून घेतलेले अर्जही असेच ओळखू येतात, असे भाचा म्हणतो.

पहिल्या वर्षी त्याची निवड झाली नाही. दोष त्याचाच होता, आणि थोडा आमचाही, कारण त्याला आम्हीच सांगितले होते, “अर्ज नीट भर, अक्षर न् अक्षर तपास, मुदतीत टाक.” सरकारी नोकरीच्या अर्जाची आम्हास सवय. येथे गोष्ट उलटी आहे. अर्ज हा शेवटचा कागद आहे. त्याआधी काही महिने त्या संस्थेत आपले काम दिसलेले असावे लागते. २०२३ साली अर्जाची मुदत २० मार्च ते ४ एप्रिल होती, आणि साधारण दरवर्षी ती याच सुमारास येते. भाच्याने शेवटच्या दिवशी अर्ज टाकला. तोवर त्याने एक ओळही कोअरबूटला दिलेली नव्हती, कोणास एक प्रश्नही विचारला नव्हता. संस्थेला मिळणाऱ्या जागा मोजक्या. अनोळखी मुलाला ते का निवडतील?

मग काम कोठून सुरू करायचे? विद्यार्थ्यांनी आधी क्यूएमू नावाचा प्रोग्रॅम घ्यावा. तो संगणकातच एक कल्पित संगणक उभा करतो. कोअरबूट बांधून त्यावर चालवले की यंत्र न बिघडवता सारा प्रवास पाहता येतो: आधी बूटब्लॉक, मग रॅम जुळवणारा रॉमस्टेज, मग इतर उपकरणे ओळखणारा रॅमस्टेज आणि शेवटी पेलोड, जो पुढे ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारतो. प्रत्येक टप्पा आपले काम ओळीओळीने लिहीत जातो. ही नोंद वाचायला शिकणे म्हणजे अर्धा अभ्यास झाला. आम्ही स्वतः ती नोंद एका रविवारी भाच्याबरोबर बसून वाचली. दिवसाच्या खतावणीसारखीच ती असते. कोठे अडले ते शेवटच्या ओळीवरून कळते.

यानंतर लहान दुरुस्त्या शोधाव्यात. माहितीपत्रातील चुकीचा शब्द, कोडमधील न वापरलेली ओळ, तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅमने दाखवलेली शंका. भाच्याची पहिली दुरुस्ती स्पेलिंगची होती. त्याला तिची लाज वाटत होती. आम्ही म्हटले, अरे, आम्हास बँकेत पहिले सहा महिने व्हाउचरांच्या पुडक्यांना दोरा बांधण्याचे काम होते.

दुरुस्ती पाठवण्याची पद्धत मात्र समजून घेण्यासारखी आहे, कारण आपली मुले येथेच माघार घेतात. दुरुस्ती थेट मुख्य कोडमध्ये जात नाही. ती गेरिट नावाच्या व्यवस्थेत सर्वांसमोर मांडली जाते. खाली आपले नाव घालून, हे काम माझे आहे अथवा देण्याचा मला अधिकार आहे, अशी ग्वाही लिहावी लागते. मग जाणकार ती वाचतात, ओळीओळीवर शेरे मारतात आणि उणे दोन ते अधिक दोन असे गुण देतात. अधिक दोन मिळाल्याशिवाय ती आत जात नाही. आणि किरकोळ नसलेली दुरुस्ती निदान २४ तास सर्वांच्या नजरेखाली राहू देण्याचा दंडक आहे. बँकेत एकाने व्हाउचर लिहायचे आणि दुसऱ्याने तपासून पास करायचे, त्यातलाच हा प्रकार. वीस वर्षांत आमची किती व्हाउचरे परत आली असतील! त्यातून पगार कापला गेला नाही की अपमान झाला नाही. आकडा दुरुस्त करून पुन्हा दिली.

परंतु भाच्याच्या दुसऱ्या दुरुस्तीवर उणे एक आला आणि त्याखाली इंग्रजीत एक तुटक वाक्य. पोराने आठ दिवस संगणक उघडला नाही. बहिणीने फोन केला, “हा जेवत नाही नीट, तू येऊन बघ.” आम्ही गेलो. तो म्हणाला, “मामा, मला येत नाही हे सगळ्या जगाला दिसलं.”

यावर आम्हास लगेच उत्तर सुचले नाही. आमच्या घरांतील पहिल्या-दुसऱ्या पिढीतील शिकणारी मुले वर्गात प्रश्न विचारायला का कचरतात, हे आम्हास ठाऊक आहे. आम्हीही कचरत असू. प्रश्न विचारला म्हणजे येत नाही हे उघड होईल, आणि ते उघड झाले की आपण येथे बसायला लायक नाही असे कोणी म्हणेल, ही भीती पुस्तकातून येत नाही, ती अनुभवातून येते. म्हणून तिला ‘उगाच’ म्हणून उडवून लावणे आम्हास जमले नाही. आम्ही एवढेच केले की त्याच पानावर इतरांच्या दुरुस्त्या उघडायला लावल्या. जे स्वतः वर्षानुवर्षे कोअरबूट लिहितात त्यांच्या कामावरही उणे एक होते, त्यांनाही तसेच तुटक शेरे होते. एका दुरुस्तीची तर बारावी आवृत्ती चालू होती. भाचा बराच वेळ खाली-वर सरकवत राहिला. मग म्हणाला, “यांचं पण परत येतं.” त्या रात्री त्याने तिसरी आवृत्ती पाठवली आणि शेरा देणाऱ्यास विचारले की, ही ओळ येथे का नको? उत्तर सकाळी आले होते, चांगले दहा ओळींचे. आडनाव तेथे कोणास काही सांगत नाही. ओळ बरोबर आहे की चूक, एवढेच पाहतात.

प्रत्यक्ष यंत्राबाबत एक इशारा. घरातील एकुलत्या एक लॅपटॉपवर प्रयोग करू नये. चुकीचे फर्मवेअर लिहिले गेले तर यंत्र सुरूच होत नाही; या मंडळींच्या भाषेत त्याची वीट होते. भाच्याने मित्राच्या जुन्या लॅपटॉपची वीट केली आणि आमच्याकडून उसने घेऊन भरपाई दिली. मागाहून कळले की काहीशे रुपयांच्या प्रोग्रॅमर यंत्राने आणि चिपला पकडणाऱ्या चिमट्याने ती चिप पुन्हा लिहिता येते. त्यासाठी फ्लॅशरॉम नावाचे मुक्त साधन आहे. मात्र मूळ मजकुराची प्रत आधी काढून ठेवलेली हवी, दोनदा वाचून दोन्ही प्रती जुळतात का ते पाहावे, आणि चिप ३.३ व्होल्टची आहे की १.८ ची हे तिच्या क्रमांकावरून खात्री करून घ्यावे. जादा दाबाने चिप जळते आणि तीवर मग उपाय नाही. कोअरबूट सर्व यंत्रांवर चालत नाही; चालणाऱ्यांची यादी आहे, तीत जुन्या थिंकपॅडची काही मॉडेले सापडतात.

वेळेचे गणित आधी मांडावे. कामे साधारण ९०, १७५ आणि ३५० तासांची असतात. कोणत्या संस्थेत कोणती हे ती संस्था सांगते. निवड मे महिन्यात जाहीर होते, काही आठवडे ओळखीत जातात आणि मग काम सुरू होते. नेमके याच काळात आपल्या विद्यापीठांच्या परीक्षा असतात. परीक्षेचे दिवस अर्जातच लिहून द्यावेत. मार्गदर्शक ते समजून घेतात, पण न सांगता गायब होणाऱ्यास समजून घेत नाहीत. मध्यावर एक आणि अखेरीस एक असे मूल्यमापन होते व त्यानंतर विद्यावेतन मिळते. त्याची रक्कम कामाच्या आकारावर आणि उमेदवार कोणत्या देशात राहतो यावर ठरते. बँकेचा माणूस म्हणून एक सूचना: पॅन कार्ड, बँक खाते आणि अर्ज या तिन्हींवर नाव सारखेच असू द्या. वडिलांचे नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी आद्याक्षर, एवढ्यावरून परदेशातून आलेली रक्कम अडलेली आम्ही पाहिली आहे.

कोणत्या संस्था त्या वर्षी सहभागी आहेत याची यादी गूगल दरवर्षी नव्याने ठरवते. कोअरबूट एखाद्या वर्षी त्यात नसेलही. परंतु गेरिटवर काम पाठवण्यासाठी त्या यादीची वाट पाहावी लागत नाही.

भाच्याच्या आठ दुरुस्त्या आतापर्यंत आत गेल्या आहेत. दुसरा अर्ज तो स्वतःच्या शब्दांत लिहीत आहे. इंग्रजी कच्चे आहे, आम्ही फक्त विरामचिन्हे पाहतो. सुटीत तो आमच्याकडे असतो आणि रविवारी सकाळी दहा ते बारा मंडळाच्या अभ्यासिकेत बसतो. प्रोग्रॅमर आणि चिमटा आम्ही अभ्यासिकेच्या कपाटात ठेवला आहे, किल्ली ग्रंथपालांकडे मिळेल. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी यावे. जुना, पडीक लॅपटॉप असल्यास आणावा, चार्जर विसरू नये.