आबांची जुनी बॅटरी : नवा बल्ब घालावा की नवी बॅटरी घ्यावी?



बॅटरी सर्वांच्या घरी असते. पुस्तकात तिला विजेरी म्हणतात, शहरात टॉर्च म्हणतात. आमच्या गावात बॅटरीच म्हणतात. तिच्या आत जे घालतात ते सेल. माझे आबा सेलला मसाला म्हणतात. "मसाला संपला" म्हणजे सेल संपले.

आमच्या घरी आबांची तीन सेलची पितळी बॅटरी आहे. ती त्यांनी 1984 साली घेतली. त्याच वर्षी माझे बाबा जन्मले. त्या रात्री पाऊस होता आणि ओढ्याला पाणी होते. आबा हीच बॅटरी घेऊन पलीकडच्या वस्तीवरच्या सुईणीला आणायला गेले. म्हणून ते ही बॅटरी कुणाला टाकू देत नाहीत.

मग भांडण कशावरून झाले ते सांगते. आमच्याकडे शेताच्या मोटारीची वीज काही दिवस रात्रीच येते. मागच्या हिवाळ्यात आबा रात्री गव्हाला पाणी द्यायला गेले होते. बॅटरीचा उजेड काजव्यासारखा झाला होता. बांधावर एकदम कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला. आबा जागीच थांबले. पुढे घोणस होती. पाय दोन हातांवर राहिला होता. आबा हळूच मागे सरले म्हणून वाचले. घरी आल्यावर त्यांनी आधी तांब्याभर पाणी प्यायले आणि मग सांगितले.

आई म्हणाली, "मामंजी, उद्याच्या उद्या नवी चार्जिंगची बॅटरी आणू. ही भंगारात द्या." आबा म्हणाले, "आरं, बॅटरीत काय बी खोट नाय. मसाला उतरलाय." दादा म्हणाला, "नुसता एलईडीचा बल्ब घालू." बाबा कुणाच्याच बाजूने बोलले नाहीत. मी शाळेत गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "वाद घालू नका. प्रयोग करा आणि वहीत लिहा." म्हणून हा लेख.

उद्देश : जुनी बॅटरी नव्या बल्बने सुधारावी की नवी घ्यावी हे ठरवणे.

साहित्य : आबांची बॅटरी, तिचा जुना बल्ब, एलईडीचा बल्ब, नवे सेल सहा, उतरलेले सेल तीन, पॉलिश पेपर, पाटी, खडू, घड्याळ, वही.

माहिती

साध्या बल्बमध्ये काचेच्या आत केसासारखी बारीक तार असते. ती टंगस्टन नावाच्या धातूची असते. वीज गेली की तार दोन हजार अंशांपेक्षा जास्त तापते आणि तापून उजळते. विळा भट्टीत लाल होतो तसे. एडिसनने 1879 साली बराच वेळ टिकणारा बल्ब करून दाखवला. त्यात कोळशाची तार होती. अशा बल्बात बहुतेक वीज उष्णतेत जाते. शंभर भाग वीज दिली तर उजेडाचे भाग साधारण पाचच निघतात. चूल पेटवून तिच्या जाळावर अभ्यास करावा, तसे हे झाले.

एलईडीमध्ये तार नसते. एक लहान खडा असतो. त्यातून वीज गेली की तो खडाच उजेड देतो. तांबडा उजेड देणारी एलईडी निक होलोनियाक यांनी 1962 साली बनवली. निळी बनायला पुष्कळ वर्षे लागली. ती बनवल्याबद्दल इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 साली नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या खड्यावर पिवळा थर दिला की उजेड पांढरा दिसतो. बॅटरी बंद असताना एलईडीकडे बघा, तो पिवळा ठिपका दिसेल. चालू असताना मात्र डोळा लावून बघू नका.

कृती आणि झालेल्या चुका

पहिली चूक. मी आणि दादा मंगळवारच्या बाजारात गेलो आणि "बॅटरीचा एलईडी बल्ब द्या" म्हणालो. दुकानदाराने दिला. 40 रुपये घेतले. घरी आणून लावला. असा काही लख्ख निळसर उजेड पडला की आई चुलीपुढून उठून आली. एका मिनिटात जळका वास आला आणि बल्ब गेला तो गेलाच. दादाने कागद वाचला. त्यावर 3 व्होल्ट लिहिले होते. एक सेल दीड व्होल्टचा असतो. आमचे सेल तीन, म्हणजे साडेचार व्होल्ट झाले. दोन सेलचा बल्ब आम्ही तीन सेलला लावला होता. दुकानदाराची चूक नाही. त्यांना किती सेलची बॅटरी ते आम्ही सांगितलेच नव्हते.

पुढच्या मंगळवारी जुना बल्बच बरोबर नेला. त्याच्या पितळी भागावर 3.8 व्होल्ट आणि 0.3 अँपिअर असे बारीक कोरले आहे. दुकानदाराने चष्मा लावून वाचले आणि तीन सेलचा, तशाच आट्याचा बल्ब दिला. आणखी 40 रुपये गेले.

दुसरी चूक. घरी लावला तर पेटेना. आई म्हणाली, "झाले, गेले ऐंशी रुपये ओढ्यात." मला रडू आले. मग आबांनी सेल बाहेर काढून पाहिले. घाईत दादाने तिन्ही सेल उलटे घातले होते. साधा बल्ब सेल उलटे घातले तरी पेटतो. आम्ही नंतर करून पाहिले. एलईडी मात्र एकाच बाजूने वीज जाऊ देते. सेल सरळ घातले आणि लगेच पेटला.

तिसरे काम साफसफाई. बॅटरीच्या तळाच्या स्प्रिंगवर हिरवा गंज होता. जुना सेल आत राहिला की त्याचे जस्ताचे भांडे झिजते आणि आतले ओले बाहेर येते. त्याने गंज चढतो. आम्ही दहा रुपयांच्या पॉलिश पेपरने स्प्रिंग आणि बटणाची पट्टी घासली. गंमत म्हणजे नुसते घासल्यावर जुन्या बल्बचाही उजेड वाढला. म्हणजे आबांचे थोडे खरे होते आणि थोडे नव्हते. सेल उतरले होते, पण गंजही वीज अडवत होता.

निरीक्षण

अमावास्येच्या आदल्या रात्री शाळेच्या मैदानावर गेलो. बाबा सोबत होते.

एक : लांबचा उजेड. नवे सेल घातले. जुन्या बल्बचा झोत 60 पावलांवरच्या चिंचेच्या खोडावर गोल पडला. एलईडीचा झोत 35 पावलांपर्यंत नीट दिसला. पुढे पसरून फिका झाला. हे मला खोटे वाटले, म्हणून दोनदा पाहिले. गुरुजींनी कारण सांगितले. बॅटरीतली चकचकीत वाटी ही मधल्या तारेसाठी केलेली असते. तार चोहीकडे उजेड देते, वाटी तो गोळा करून पुढे फेकते. एलईडी उजेड पुढेच टाकते, वाटीवर थोडाच पडतो. म्हणून झोत बनत नाही.

दोन : पायापुढचा उजेड. जुन्या बल्बने दोन हात रुंद जागा दिसली आणि तिच्यात मध्ये काळपट डाग होता. एलईडीने चार हात जागा सारखी उजळली. दादाने पायवाटेवर गवताची दोरी टाकून ठेवली होती. ती मला एलईडीने लगेच दिसली. जुन्या बल्बने मी तिच्यावर पाय दिला. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत, पण आबांच्या हातातली बॅटरी त्यांनी आपल्या हातात घेतली.

तीन : उतरलेले सेल. ज्या सेलवर आबा त्या रात्री शेतात गेले होते ते ठेवले होते. त्यांच्यावर साधा बल्ब निखाऱ्यासारखा लाल झाला. पाटीवरचा "क" पाच पावलांवरून वाचता आला नाही. त्याच सेलवर एलईडीने तो दहा पावलांवरून वाचता आला.

चार : किती तास. सेलचे दोन नवे जोड घेतले. रोज संध्याकाळी एक तास बॅटरी लावली. साधा बल्ब अकराव्या दिवशी लाल झाला. मग एलईडीला दुसरा जोड दिला. तेविसाव्या दिवशी उजेड थोडा कमी झाला, पण लाल झाला नाही. लेख द्यायची तारीख आली म्हणून मोजणे थांबवले.

गणित

एक सेल 25 रुपयांना, तीन सेल 75 रुपयांना.
साधा बल्ब : 75 भागिले 11, म्हणजे तासाला जवळजवळ 7 रुपये.
एलईडी : 75 भागिले 23, म्हणजे तासाला सव्वातीन रुपये. सेल अजून शिल्लक आहेत, म्हणजे खर्च याहून कमीच.
तासाला साडेतीन रुपये वाचले. 40 रुपयांचा बल्ब 12 तासांत फिटला.
आमचा खर्च : बल्ब 40, पॉलिश पेपर 10, जळालेला बल्ब 40, एकूण 90 रुपये. तुम्ही नीट विचारून घेतलात तर 50 रुपयांत होईल.
बाजारात चार्जिंगच्या नव्या बॅटरीची किंमत 350 रुपये सांगितली.

नव्या बॅटरीचेही खरे सांगितले पाहिजे. माझ्या मामांकडे चार्जिंगची आहे. तिचा झोत आमच्या दोन्ही बल्बांपेक्षा लांब जातो, कारण तिची वाटी एलईडीसाठीच केलेली आहे. तिला रोज सेल विकत घ्यावे लागत नाहीत. पण दोन दिवस वीज नसली की ती नुसती डबी होते. आतला सेल म्हातारा झाला की गावात बदलून मिळत नाही. आमच्या बॅटरीचे सेल रात्री आठ वाजतासुद्धा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात.

अनुमान

जुनी बॅटरी केव्हा सुधारावी? अंग धड असेल, बटण नीट लागत असेल, काच शाबूत असेल आणि बल्ब आट्याने निघत असेल तेव्हा.

नवी केव्हा घ्यावी? पत्रा आतून गंजून भोके पडली असतील, बटण मध्येच बंद पडत असेल, किंवा लांबवरचे पाहायचे काम असेल तेव्हा. शेजारच्या काकांची पत्र्याची बॅटरी आम्ही उघडली तर स्प्रिंगच हातात तुटून आली. त्यांना आम्ही नवीच घ्या म्हणून सांगितले. रात्री ज्या बॅटरीच्या भरवशावर चालायचे ती चापट मारून लागणारी नसावी.

लक्षात ठेवा :
1. बल्ब आणायला जाताना जुना बल्ब बरोबर न्या आणि सेल किती ते सांगा.
2. सेल सरळ घाला. नवे आणि जुने एकत्र घालू नका.
3. बॅटरी बरेच दिवस वापरायची नसेल तर सेल काढून ठेवा.
4. संपलेले सेल चुलीत किंवा विहिरीत टाकू नका.
5. उजेड कितीही चांगला असला तरी शेतात बूट घाला आणि काठी आपटत चाला. साप चावलाच तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता सरळ सरकारी दवाखान्यात जा.

शेवटी आमच्या घरी काय ठरले ते सांगते. आबांची बॅटरी एलईडी घालून राहिली. आईने अट घातली की सेल दर महिन्याला मी तपासायचे आणि उतरले तर आबांना विचारायचे नाही, बदलून टाकायचे. बाबा म्हणाले, गव्हाचे पैसे आले की लांब झोताची एक नवीही घेऊ, रानडुकरे आली तर पाहायला. म्हणजे दोन्ही बाजू जिंकल्या.

जुना बल्ब मी टाकणार होते. आबांनी बॅटरीचे मागचे झाकण उघडून दाखवले. आतून स्प्रिंगच्या मध्ये जादा बल्ब ठेवायची जागा असते. मला ठाऊकच नव्हते. आबांनी जुना बल्ब कापसात गुंडाळून तिथे ठेवला आणि म्हणाले, "वाटेत नवा रुसला तर ह्यो हाय."

काल रात्री वीज आली तेव्हा आबा पाणी द्यायला गेले. मी दारातून पाहत होते. पांढरा उजेड बांधाबांधाने विहिरीपर्यंत गेला. आई पण पाहत होती.

तुमच्या घरीही जुनी बॅटरी असेल. आज घरी गेल्यावर तिचे मागचे झाकण उघडून बघा. गंज आहे का आणि जादा बल्ब आहे का, ते उद्या मला सांगा. लेखात काही चुकले असेल तर गुरुजींनी व पालकांनी सांगावे, मी दुरुस्त करीन.

इयत्ता चौथी, हजेरी क्रमांक 17