चार सामने आणि अडतीस सामने

ऑक्टोबर २०२१ च्या पहिल्या आठवड्यात माझ्या भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात राहतो आणि तेव्हा दहावीत होता. "मामा, सॅम डार्नोल्डला माझ्या संघात घेऊ का? चार सामन्यांत त्याने कमाल केली आहे. तुम्ही गणितातले आहात, सांगा." मी गणितातला नाही, पदार्थविज्ञान शिकवतो, आणि अमेरिकन फुटबॉल मला तेव्हा नीट कळतही नव्हता. मी म्हटले, "आधी मला सगळे आकडे लिहून पाठव." त्या आकड्यांनी मला जे शिकवले ते तुम्हांला सांगावे म्हणून हा लेख.

प्रथम खेळ समजून घेऊ. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा डावाचा सूत्रधार असतो. चेंडू प्रथम त्याच्या हातात येतो. तो चेंडू पुढे धावणाऱ्या सहकाऱ्याकडे फेकतो, शेजारच्या गड्याच्या हाती देतो किंवा स्वतःच घेऊन पळतो. चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला म्हणजे टचडाउन होतो. फेकलेला चेंडू प्रतिपक्षाने झेलला तर ते इंटरसेप्शन, म्हणजे क्वार्टरबॅकच्या नावावर मोठीच चूक.

फँटसी फुटबॉल हा या खेळावर बेतलेला कागदी खेळ आहे. त्याची कल्पना १९६२ साली ओकलंड रेडर्स संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांच्या मंडळींनी मांडली. आठ-दहा मित्र जमतात, खऱ्या खेळाडूंची आपापसांत वाटणी करून कागदावर संघ बनवतात, आणि खऱ्या सामन्यांतील कामगिरीवरून आपल्या संघाचे गुण मोजतात. क्रिकेटवरचा असाच खेळ आपल्याकडेही पुष्कळांनी खेळला आहे. तो पैसे लावून खेळण्यावर आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली, आणि माझ्या मते ते बरेच झाले. भाच्याच्या मित्रमंडळात पैसा नव्हता. हरणाऱ्याने सर्वांना पिझ्झा द्यायचा, एवढाच करार.

गुणांचा एक प्रचलित नियम असा: फेकीने मिळवलेल्या दर २५ यार्डांना १ गुण, फेकीच्या टचडाउनला ४, स्वतः धावून केलेल्या टचडाउनला ६, आणि इंटरसेप्शनला उणे २. धावून मिळवलेल्या यार्डांचे गुण आणि चेंडू हातून निसटल्याचा दंड मी सोयीसाठी सोडून दिला आहे.

आता डार्नोल्डकडे वळू. २०१८ साली न्यूयॉर्क जेट्स संघाने त्याला नवोदितांच्या निवडीत तिसऱ्या क्रमांकाने घेतले. म्हणजे देशभरातून आलेल्या तरुण खेळाडूंपैकी त्याच्याआधी केवळ दोघांची निवड झाली होती. तीन हंगामांत तो ३८ सामने खेळला. त्यांत ८,०९७ यार्ड, ४५ टचडाउन आणि ३९ इंटरसेप्शन. जवळजवळ जितके टचडाउन तितक्याच चुका! एप्रिल २०२१ मध्ये जेट्सनी त्याला कॅरोलिना पँथर्स संघाला देऊन टाकले आणि बदल्यात पुढील निवडींतील तीन हक्क घेतले: एक दुसऱ्या फेरीचा, एक चौथ्या आणि एक सहाव्या फेरीचा. तीन वर्षांत त्याची किंमत किती उतरली होती हे यावरूनच कळते.

आणि मग नवा हंगाम सुरू झाला. पहिल्या चार सामन्यांत त्याने अनुक्रमे २७९, ३०५, ३०४ आणि ३०१ यार्ड मिळवले. फेकीचे टचडाउन ५, इंटरसेप्शन ३, आणि स्वतः धावून केलेले टचडाउन तब्बल ५. पहिला सामना तर खुद्द जेट्सविरुद्धच होता आणि तो पँथर्सनी जिंकला. पहिले तिन्ही सामने त्यांनी जिंकले. वर दिलेल्या नियमाने हिशेब केला तर चार सामन्यांचे मिळून ९१.५६ गुण, म्हणजे सामन्यामागे २२.९ गुण होतात. जेट्सकडील ३८ सामन्यांत (तेथेही धावून ५ टचडाउन होते) हीच सरासरी १२.० होती. जवळजवळ दुप्पट! भाचा उड्या मारत होता यात नवल नाही.

येथे क्षणभर प्रयोगशाळेत जाऊ. साध्या लंबकाचा आवर्तकाल तुम्ही मोजता तेव्हा दर वेळी थोडा निराळा आकडा येतो. लंबक बदललेला नसतो. घड्याळ दाबण्यात हात थोडा पुढेमागे होतो. म्हणून आपण अनेक वाचने घेऊन सरासरी काढतो, आणि त्या सरासरीतील त्रुटी वाचनांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. एक वाचन ७ एककांनी इकडेतिकडे होत असेल तर ४ वाचनांच्या सरासरीत सुमारे ३.५ एककांची अनिश्चितता राहते, आणि ३८ वाचनांच्या सरासरीत केवळ १.१ ची.

खेळाडूचा प्रत्येक सामना हे असेच एक वाचन आहे. मात्र लंबकापेक्षा येथे एक गुंतागुंत अधिक आहे. वाचनात तिघांचे मिश्रण असते: खेळाडूचे कौशल्य, भोवतालची परिस्थिती (प्रशिक्षक, सहकारी, प्रतिपक्ष) आणि योगायोग. संघ बदलला की दुसरा घटक खरोखरच बदलतो. म्हणून "जुने आकडे आता निरुपयोगी" असे म्हणण्याचा मोह होतो. पण कौशल्य तर तोच माणूस बरोबर घेऊन आला आहे!

मी प्रथम गुणांची फोड केली. फेकीचे गुण आणि धावण्याचे गुण वेगळे काढले. जेट्सकडे सामन्यामागे फेकीचे ११.२ आणि धावून केलेल्या टचडाउनचे ०.८. पँथर्सकडील चार सामन्यांत फेकीचे १५.४ आणि धावण्याचे ७.५. म्हणजे सरासरीत जी १०.९ ची वाढ दिसत होती तिच्यातील ६.७ गुण पायांनी दिले होते आणि हातांनी केवळ ४.२. क्वार्टरबॅकचे खरे काम फेकण्याचे. एका सामन्याचे फेकीचे गुण सरासरीपासून ७ ने वरखाली होतात असे धरले, तर चार सामन्यांच्या सरासरीत ३.५ चा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. मग ४.२ च्या वाढीत काय मोठे? आणि धावण्याचे म्हणाल, तर ३८ सामन्यांत ५ टचडाउन करणारा गडी चार सामन्यांत ५ करतो, तेव्हा तो एकाएकी हरिण झाला असे समजण्याऐवजी त्याला रेषेजवळ पळवण्याचा डाव प्रतिपक्षाला अजून ओळखता आलेला नाही, असे समजणे अधिक सुरक्षित.

दुसरी एक गोष्ट विद्यार्थी हमखास विसरतात. या स्पर्धेत ३२ संघ आहेत, म्हणजे ३२ क्वार्टरबॅक. वर्गातील ३२ मुलांना प्रत्येकी चार वेळा नाणे उडवायला सांगा. चारही वेळा छापा पडण्याची संभाव्यता १/१६, म्हणून सरासरी दोन मुलांना चारही छापे मिळतील. आता फक्त त्या दोघांना पुन्हा चार वेळा नाणे उडवायला सांगा. सरासरीने दोन-दोन छापे पडतील. त्यांचा हात बिघडला म्हणून नव्हे. पहिल्यांदा आपण त्यांना निवडलेच मुळी त्यांच्या यशामुळे. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करावा, दहा मिनिटांत होतो. मी स्वतः कित्येक वर्षे समजत आलो की चाचणीत कमी गुण मिळालेल्या मुलाला रागावले की पुढच्या चाचणीत तो सुधारतो. तो न रागावताही बहुधा सुधारला असता, हे मला फार उशिरा कळले.

यालाच सरासरीकडे परतणे म्हणतात. संख्याशास्त्रात यासाठी समाश्रयण असा शब्द आहे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईबाप आणि मुले यांच्या उंचीचा अभ्यास करून तो मांडला. फार उंच आईबापांची मुले सरासरीपेक्षा उंच असतात खरी, पण आईबापांइतकी नव्हे.

मी भाच्याला उत्तर दिले ते असे. जुने ३८ आणि नवे ४ सामने एकत्र केले तर सरासरी १३.० येते. संघ बदलला म्हणून नव्या आकड्यांना थोडे अधिक वजन देऊ आणि १४ धरू. २३ मात्र धरू नकोस. त्याने ऐकले नाही आणि डार्नोल्डला घेतले.

पाचव्या सामन्यात १७७ यार्ड, १ टचडाउन, ३ इंटरसेप्शन. गुण ५.१! उरलेल्या हंगामातील आठ सामने मिळून १,३३८ यार्ड, फेकीचे ४ टचडाउन, १० इंटरसेप्शन आणि धावून एकही टचडाउन नाही. सामन्यामागे ६.२ गुण. पिझ्झा भाच्यानेच दिला.

परंतु मीही शेखी मिरवू नये. मी १४ म्हटले होते, आले ६.२. नाण्याच्या उदाहरणावरून गुण सरासरीजवळ यावेत एवढेच निघते, तिच्याखाली इतके का गेले हे निघत नाही. त्याला कारणे होती. पँथर्सचा सर्वांत कसलेला धावपटू ख्रिश्चन मॅकॅफ्री तिसऱ्याच सामन्यात जखमी झाला. नोव्हेंबरमध्ये डार्नोल्डच्या खांद्याच्या हाडाला इजा झाली. शिवाय उरलेल्या आठांपैकी एका सामन्यात तो सुरुवातीपासून खेळलाच नाही. आता पूर्ण हंगामाची सरासरी काढून पाहा: १२ सामन्यांत १४१.०८ गुण, म्हणजे ११.८. जेट्सकडे होती १२.० ! इतका जवळचा मेळ बसणे हाही काही अंशी योगायोगच, हे विसरू नका.

भाच्याकडे एक युक्तिवाद होता आणि तो पोरकट नव्हता. रायन टॅनहिल नावाचा क्वार्टरबॅक मायामी डॉल्फिन्समध्ये चाचपडत होता. मार्च २०१९ मध्ये त्याला टेनेसी टायटन्सकडे देण्यात आले आणि तेथे तो झळकला. फेकीचे गुण सामन्यामागे ११.७ वरून १५.५ वर गेले. मायामीत त्याचा प्रशिक्षक होता अ‍ॅडम गेस, आणि पुढे जेट्समध्ये डार्नोल्डचा प्रशिक्षकही तोच. "गेसच्या हाताखालून सुटला की खेळाडू फुलतो," असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. पण हे एकच उदाहरण आहे. टॅनहिलच्या नव्या संघात डेरिक हेन्री हा धावपटू होता. त्या वर्षी धावून सर्वाधिक यार्ड, १,५४०, त्यानेच मिळवले. प्रशिक्षक, धावपटू, संघ असे सगळे एकदम बदलले तर गुण कोणामुळे वाढले ते कसे सांगणार? प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच राशी बदलतो, ती याचसाठी.

आता माझ्या फजितीची गोष्ट. ऑगस्ट २०२४ मध्ये भाच्याचा पुन्हा फोन आला. डार्नोल्ड आता मिनेसोटा व्हायकिंग्समध्ये होता. मधला एक हंगाम त्याने सॅन फ्रान्सिस्कोत राखीव म्हणून काढला होता. व्हायकिंग्सचा नवोदित क्वार्टरबॅक जखमी झाल्यामुळे संघ याच्या हाती आला. "मामा, घेऊ का?" मी जुनी वही काढली आणि ऐटीत सांगितले, "अकरा-बारा गुण. सोडून दे." या वेळी त्याने ऐकले. त्या हंगामात डार्नोल्डने १७ सामन्यांत ४,३१९ यार्ड आणि ३५ टचडाउन मिळवले, इंटरसेप्शन १२. निव्वळ फेकीचे गुण सामन्यामागे १७.०.

माझे कोठे चुकले? सरासरीची अनिश्चितता मी वाचनांच्या संख्येवरून काढली, पण लंबकाची लांबी बदलली असेल तर जुनी वाचने कितीही असोत, ती दुसऱ्याच लंबकाची असतात. जेट्समध्ये तो एकविसाव्या वर्षी आला होता. २०२४ मध्ये सत्ताविसाचा होता. केव्हिन ओकॉनेल यांच्यासारखा प्रशिक्षक आणि जस्टिन जेफरसनसारखा झेलणारा त्याला प्रथमच मिळाला होता. आणि येथे वाचने चार नव्हती, सतरा होती: ७ ला १७ च्या वर्गमुळाने भागा, १.७ येतात. ११.२ आणि १७.० यांतील ५.८ चा फरक त्याच्या तिपटीहून अधिक आहे. तो योगायोगाच्या खात्यात टाकता येत नाही. हंगाम संपल्यावर मी भाच्याला तसे कळवले. त्याचे उत्तर आले, "मामा, या वेळचा पिझ्झा तुमच्याकडे लागला."

सरावासाठी टॅनहिलचे पुढील आकडे घ्या. २०२० मध्ये १६ सामने, ३,८१९ यार्ड, फेकीचे ३३ टचडाउन, ७ इंटरसेप्शन. २०२१ मध्ये १७ सामने, ३,७३४ यार्ड, २१ टचडाउन, १४ इंटरसेप्शन. दोन्ही वर्षांचे सामन्यामागे फेकीचे गुण काढा (उत्तरे १६.९ आणि १२.१) आणि ते मायामीतील ११.७ शी ताडून पाहा. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर हेन्रीच्या पायाला दुखापत झाली व उरलेल्या हंगामात तो खेळला नाही. या घसरणीतील किती भाग सरासरीकडे परतण्याचा आणि किती हेन्रीच्या गैरहजेरीचा, हे सांगायला तुम्हांला आणखी कोणते आकडे लागतील, त्यांची यादी करा.