प्रश्नपेटीतली चिठ्ठी : एकाचा प्रश्न, सगळ्या वर्गाला उत्तर



बऱ्याच कॉलेजांत आता प्रश्नपेटी असते. जिन्याखाली किंवा ग्रंथालयाच्या दाराशी एक खोका, वर फट, बाजूला छोटं कुलूप आणि 'मनातलं विचारा, नाव लिहू नका' अशी पाटी. पेटी बसवणं सोपं आहे. अवघड आहे ते आलेल्या चिठ्ठीला उत्तर देणं. आजच्या लेखात त्याबद्दलच बोलू. इथे दिलेल्या चिठ्ठ्या कुणा एका मुलाच्या नाहीत, नेहमी येणाऱ्या प्रश्नांचे ते नमुने आहेत.

आपल्याकडे ही पद्धत नवी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ते चालवलं. घरात, शेजारी कुणालाच विचारता येणार नाहीत असे प्रश्न वाचक त्यांना पत्रातून विचारत आणि कर्वे सरळ भाषेत उत्तर देत. या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. प्रश्न विचारणाऱ्याला लाज वाटू न देता खरी माहिती देणं हे काम आपल्या भाषेत इतकं जुनं आहे.

आधी पेटीचे नियम ठरवा

१) सगळ्यांना सारख्याच आकाराचे कागद द्या आणि प्रत्येकाला चिठ्ठी टाकायला सांगा. विचारायचं काही नसेल तर 'प्रश्न नाही' असं लिहावं. मग पेटीजवळ कोण गेलं याकडे कुणाचं लक्ष राहत नाही.

२) पेटी रोज उघडा, दोन शिक्षकांनी मिळून उघडा. उत्तरं आठवड्यातून एकदा द्या, पण चिठ्ठ्या मात्र त्याच दिवशी वाचून झाल्या पाहिजेत.

३) अक्षर कुणाचं, यावर स्टाफरूममध्ये चर्चा नको. एकदा जरी ती बाहेर गेली तरी पेटी कायमची रिकामी राहते.

४) मर्यादा पाटीवरच लिहा : 'आम्ही नाव शोधणार नाही. पण कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा १८ वर्षांखालच्या कुणावर लैंगिक अत्याचार होत असेल, तर ते आम्ही स्वतःपाशी ठेवणार नाही.' हे आधी न सांगता नंतर नाव शोधलं, तर मुलांना तो विश्वासघातच वाटणार.

सुरुवातीला थट्टेच्या चिठ्ठ्या येतील. 'कॅन्टीनच्या वड्यात बटाटा कधी सापडणार?' याचंही उत्तर हसत द्या. सर चिडतात की नाही, हे मुलं अशाच चिठ्ठीवरून तपासत असतात. खरे प्रश्न त्यानंतर येतात.

चिठ्ठी वाचल्यावर स्वतःला काय विचारायचं?

चिठ्ठी एकाची असली तरी उत्तर सगळा वर्ग ऐकतो. त्यात लिहिणारा असतो, तोच प्रश्न मनात असून न लिहिलेले चार-पाच जण असतात आणि ज्याच्याविषयी चिठ्ठी आहे तोही कदाचित तिथेच बसलेला असतो. म्हणून आधी ठरवा, हा प्रश्न माहितीचा आहे, कोंडीचा आहे की धोक्याचा? तिन्हींची उत्तरं वेगळ्या पद्धतीने द्यावी लागतात.

माहितीचा प्रश्न

'दोन विषयांत एटीकेटी लागली. घरी कळलं तर शिक्षण बंद करतील. माझं वर्ष गेलं का?'

इथे 'अभ्यास करायचा होता' हे उत्तर नाहीये. एटीकेटी म्हणजे राहिलेले विषय डोक्यावर ठेवून पुढच्या वर्गात बसायची मुभा, हे आधी सांगा. किती विषयांपर्यंत ती मिळते याचा नियम विद्यापीठागणिक बदलतो, तेव्हा परीक्षा विभागातून नियम आणून वर्गात वाचून दाखवा. पण चिठ्ठीत दुसराही प्रश्न आहे, घरी कसं सांगायचं. त्याचंही उत्तर द्या : 'निकाल लपवू नकोस. परीक्षेची पुढची तारीख आणि अभ्यासाचं वेळापत्रक कागदावर लिहून घे, मग घरी सांग. आईबाबांना कॉलेजात बोलायला आणायचं असेल तर मी भेटेन.'

फीचे प्रश्नही याच प्रकारातले. 'घरी पैसे नाहीत, शिकणं सोडू का?' अशा चिठ्ठीला धीर देणारं भाषण पुरत नाही, योजनेचं नाव लागतं. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर राहण्याजेवण्याच्या खर्चासाठी स्वाधार योजना आहे. अर्ज कुठे करायचा आणि कुठले दाखले लागतात, हे फलकावर लावा. चारचौघांत विचारायला लाजणारी मुलं फलक नक्की वाचतात.

कोंडीचा प्रश्न

'होस्टेलवर माझ्या गावाकडच्या बोलीला हसतात. माझी नक्कल करतात. आता मी वर्गातही बोलत नाही.'

'दुर्लक्ष कर' असं आपण पटकन म्हणतो. पण हे मूल दुर्लक्ष करून करूनच गप्प झालंय. वर्गात असं सांगता येईल : 'तुझी बोली म्हणजे चुकीची मराठी नव्हे. तू तुझ्या घरची भाषा बोलतोस. परीक्षेत प्रमाण मराठी लिहायची, ती सगळ्यांनाच शिकावी लागते.' मग तोच आवाज ठेवून नक्कल करणाऱ्यांसाठीही दोन वाक्यं बोला. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात चिडवणं, शिवीगाळ, धमकावणं हेही येतं. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखांना सात दिवसांत चौकशी करावी लागते. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. कुणाचं नाव घ्यायचं नाही, कुणाकडे बघायचंही नाही. ज्याला समजायचं त्याला समजतं.

'एक मुलगी आवडते. ती नाही म्हणाली. मित्र म्हणतात, मागे लागलास की हो म्हणेल.'

या चिठ्ठीवर वर्ग हसेल. हसू द्या, मग शांतपणे बोला : 'आवडणं यात काही चूक नाही. नकार ऐकून वाईट वाटणंही साहजिक आहे. पण ती नाही म्हणाली, तिथे विषय संपला. नकारानंतर पुन्हा पुन्हा मागे फिरणं, मेसेज करत राहणं हा आपल्याकडे २०१३ पासून गुन्हा आहे.' कदाचित ती मुलगी त्याच वर्गात असेल. आपल्या 'नाही'ला सरांनी किंमत दिली, एवढं तिला कळलं पाहिजे.

धोक्याचा प्रश्न

'रात्रभर झोप नाही. मी नसलो तर घरच्यांचा खर्च तरी वाचेल.'

इथे ठरलेल्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच दिवशी सगळ्या वर्गांत जाऊन सांगा : 'आज एक चिठ्ठी आली. लिहिलंस ते बरं केलंस. मी आज पाच वाजेपर्यंत इथेच आहे, उद्या सकाळीही आहे. मित्राला सोबत आणलंस तरी चालेल.' फळ्यावर १४४१६ लिहा. ही टेली मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं.

'घरच्यांचा विचार कर' हे वाक्य इथे टाळा. हा मुलगा घरच्यांचाच विचार करून असं लिहितोय. तो भेटायला आला तर सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' असं विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, समुपदेशक आणि घरचे येईपर्यंत सोबत राहा. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा असा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असलेली व्यक्ती मानतो, गुन्हेगार नव्हे. घाबरलेल्या घरच्यांनाही हे सांगावं लागतं.

तो आलाच नाही तर? अशा वेळी प्राचार्य आणि समुपदेशक यांनी मिळून, गाजावाजा न करता, चिठ्ठी कुणाची हे शोधावं. पाटीवरची मर्यादा आधी लिहिली होती ती याचसाठी.

अकरावी-बारावीतली बहुतेक मुलं १८ च्या आतली असतात. लैंगिक अत्याचाराची चिठ्ठी आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे. मुलांसाठी १०९८ हेल्पलाइनही आहे. 'कॉलेजचं नाव जाईल' म्हणून ती चिठ्ठी खिशात ठेवायचा हक्क आपल्यापैकी कुणालाच नाही.

पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, कॉलेजात पेटी आहे असं कळलं की 'तू काय लिहिलंस?' असं मुलांना विचारू नका. त्याऐवजी जेवताना 'आज पेटीत काय काय प्रश्न निघाले?' असं विचारून बघा. दुसऱ्याच्या प्रश्नाबद्दल बोलताना मुलं हळूहळू स्वतःबद्दलही बोलू लागतात. त्या वेळी मध्येच उपदेश करू नका, बोलणं पुरं होऊ द्या.

शिक्षकांनी उत्तर वाचण्याआधी एवढं तपासावं : विचारलेल्या गोष्टीचं उत्तर दिलंय का, चिठ्ठी लिहिणाऱ्याला ऐकताना मान खाली घालावी लागेल का आणि तास संपल्यावर त्याने नेमकं कुठे जायचं हे सांगितलंय का. तिसरी गोष्ट राहून गेली असेल, तर खोलीचा नंबर आणि वेळ फळ्यावर लिहूनच वर्गाबाहेर पडा.