खालून घ्यायचं औषध

शौचातून रक्त पडलं की आपल्याकडे पहिला संशय मूळव्याधीवर जातो. मलमं, चूर्णं, ओळखीतल्या कुणाचा काढा असं करत कितीतरी महिने जातात आणि मग कुणीतरी दुर्बिणीची तपासणी करायला लावतं. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग लालबुंद, सुजलेला, जागोजागी सोललेला दिसतो. बायोप्सीतून निदान येतं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. आपल्या वसई-विरारच्या नोकरदारांचे यात जास्तच हाल होतात. पहाटेची लोकल गाठायची असते, गाडीत शौचालय नसतं आणि या आजारात घाई लागली की दम धरवत नाही. म्हणून अनेक जण चहाचा घोटही न घेता घर सोडतात.

हा आजार गुदाशयात सुरू होतो आणि तिथून वर चढतो. काहींचा तर शेवटच्या वीतभर भागातच राहतो. तरीही मी सपोझिटरी (गुदद्वारातून आत सरकवायची औषधाची वडी) किंवा एनिमा (नळीने आत सोडायचं पातळ औषध) लिहिला की चेहरे पडतात. ‘डॉक्टर, त्यापेक्षा गोळीच द्या ना.’ गोळी मी देतोच, पण ती तळापर्यंत पुरेशी पोचेल याची खात्री नसते. खालून दिलेलं मेसालामाइन, म्हणजे या आजारातलं सूज उतरवणारं औषध, थेट सुजेवर बसतं. त्याचा गुण सिद्धही याच वाटेने झाला. १९७७ साली ऑक्सफर्डमध्ये बांगलादेशचे डॉ. आझाद खान आणि डॉ. ट्रूलव्ह यांनी सल्फासालाझिन या जुन्या औषधाचे दोन घटक वेगळे केले आणि रुग्णांना एनिमातूनच दिले. आतडं ज्याने सुधारलं, तो घटक म्हणजे मेसालामाइन. तेव्हा संकोच सोडा, ही विनंती मी मनापासून करतो आहे.

आजार गुदाशयापुरता असेल तर सपोझिटरी पुरते. डाव्या बाजूला वर गेला असेल तर एनिमा लागतो. दोन्ही रात्री झोपताना घ्यावेत, शौचाला जाऊन आल्यावर. हात धुवा. सपोझिटरी उकाड्याने मऊ पडली असेल तर वेष्टनासकट थोडा वेळ गार पाण्यात धरा, मग टोकाला जरा पाणी लावून बोटाने आत सरकवा. एनिमाची बाटली आधी नीट हलवा, हातात धरून कोमट होऊ द्या. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका. डाव्या कुशीवर झोपा, डावा पाय सरळ, उजवा गुडघा पोटाकडे. नळी बेंबीच्या रोखाने अलगद सरकवा, जोर करू नका. बाटली हळूहळू दाबा आणि दाबलेलीच बाहेर काढा, नाहीतर औषध परत खेचलं जातं. अर्धा तास त्याच कुशीवर पडून राहा. पहिल्या रात्री औषध टिकलं नाही म्हणून निराश होऊ नका. सूज उतरली की ते रात्रभर राहू लागतं. अंथरुणावर जुनं फडकं घाला, कारण मेसालामाइनचे डाग निघत नाहीत.

मेडिकलमध्ये पोट साफ करायचा एनिमाही मिळतो. तो हा नव्हे. नाव वाचल्याशिवाय बाटली घेऊ नका, आणि साबणाच्या पाण्याचे घरगुती प्रयोग तर मुळीच नकोत. औषध उघडल्यावर गडद तपकिरी दिसलं तर टाकून द्या. सपोझिटऱ्या उन्हाळ्यात ऑफिसच्या बॅगेत ठेवू नका, वितळतात.

ॲस्पिरिनची किंवा सल्फाइटची ॲलर्जी, दमा, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी सांगा. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनची तपासणी अधूनमधून करावीच लागते. गरोदर राहिलात तर आपल्या मनाने औषध बंद करू नका, विचारा. स्टिरॉइडचा एनिमा मात्र वेगळी गोष्ट आहे. तो ठरलेल्या मुदतीपुरता असतो, आणि आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि अमिबा यांचा विचार केल्याशिवाय तो देऊ नये. जुनी चिठ्ठी दाखवून परत आणू नका. पावसाळ्यात तापाने अंग ठणकलं तर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन टाळा, कोलायटिस भडकू शकतो.

मेसालामाइन सुरू केल्यावर काही दिवसांतच जुलाब, पोटदुखी, ताप वाढला तर ते थांबवून लगेच दाखवा. क्वचित काहींना ते सोसत नाही. आणि सगळ्यांत जास्त घडणारी गोष्ट म्हणजे रक्त थांबलं की औषध सोडणं. आतली सूज ओसरायला त्यापुढे कित्येक आठवडे लागतात. नंतर रोज, की आठवड्यातून काही रात्री, हे तपासून ठरवतात. खर्च झेपत नसेल तर मुंबई सेंट्रलजवळ नायर आणि परळला केईएम, दोन्हीकडे पोटविकार विभाग आहे.

दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, सोबत ताप, धडधड, किंवा पोट फुगून दुखू लागलं, तर एनिमा घेत घरी थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालयात दाखल व्हा.