या वयात जमेल का?

मिस्सामध्ये वाचन करायचे किंवा संगणक शिकायचे म्हटले की आपण आधी 'जमेल का?' याचाच विचार करत बसतो. संत इग्नेशियस लोयोला यांनी १५२४ साली, तिशी ओलांडल्यावर, बार्सेलोनात लॅटिन शिकायला घेतले. पाठांतराला बसताच मनात आध्यात्मिक विचार दाटून येत आणि धडा राहून जाई. विचार चांगले असले तरी हा मोहच आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी गुरुजींना सर्व सांगून शब्द दिला: भाकरी-पाणी मिळेल तोवर दोन वर्षे तुमचा पाठ चुकवणार नाही. त्यानंतर तो मोह पुन्हा आला नाही. पुढे ते पॅरिस विद्यापीठाचे पदवीधर झाले. आपणही मनाशी वाद न घालता शिकवणाऱ्याला शब्द द्यावा आणि आजचा धडा आजच करावा.