*पशुधन सल्ला : सोयाबीनची पेंड चालते, कच्चा दाणा नाही*



भाव पडला किंवा माल डागी निघाला की "विकण्यापेक्षा गाईलाच घालू" असं बरेच जण म्हणतात. घालण्याआधी एवढं वाचा.

*फरक काय?*
तेल काढून राहिलेली पेंड कारखान्यात वाफेवर तापवतात. कच्च्या दाण्यात युरिएज नावाचं विकर असतं, ते या तापानं निकामी होतं. कच्चा दाणा आणि युरिया पोटात एकत्र आले की झपाट्यानं अमोनिया तयार होतो आणि काही तासांत जनावर दगावू शकतं.

👉 युरिया प्रक्रियेचा चारा किंवा युरिया-गुळाची चाटण वीट चालू असेल तर कच्चं सोयाबीन अजिबात नको. तयार पशुखाद्यातही युरिया असू शकतो, पोत्यावरचं लेबल बघा.
👉 ४ महिन्यांच्या आतील वासरांना कच्चा दाणा देऊच नका, पचत नाही.

*पेंड किती द्यायची?*
पेंडीत साधारण ४५ टक्के प्रथिनं असतात, म्हणून एकटी न देता मिसळून द्या. १० किलो खुराकासाठी:
▪️ मका भरडा ४ किलो
▪️ सोया पेंड २ किलो
▪️ गव्हाचा कोंडा ३ किलो ७०० ग्रॅम
▪️ खनिज मिश्रण २०० ग्रॅम
▪️ मीठ १०० ग्रॅम

१० लिटरच्या गाईला हा खुराक रोज ५ किलो, दोन वेळात विभागून. पहिल्यांदाच देत असाल तर अर्ध्या किलोपासून सुरू करून १०-१२ दिवसांत वाढवा.

*पेंड नीट तापलीय का?*
झाकणाच्या बाटलीत दोन चमचे पेंड, एक चमचा युरिया, थोडं कोमट पाणी. २० मिनिटांनी उघडा. नाकाला झोंबणारा उग्र वास आला तर पेंड कच्ची आहे, परत करा. बाटलीतलं जनावरांपासून लांब पुरा.

*भिजलेला माल*
सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत भूम-परंडा भागात उभं सोयाबीन पाण्यात गेलं. असा बुरशी आलेला दाणा जनावराला नको. भाजला, शिजवला तरी बुरशीचं विष जात नाही, ते दुधात उतरतं आणि तेच दूध आपली लेकरं पितात.

*राशीच्या दिवसांत*
रात्री जनावरं पक्की बांधा, ढीग झाका. जनावरानं दाणे खाल्ले आणि पोट फुगलं, लाळ गळाली, अंग थरथरलं तर वाट बघू नका. लगेच १९६२ वर फोन करा (मोफत). आडव्या पडलेल्या जनावराला तेल-ताक पाजू नका, फुफ्फुसात जातं.

शंका असेल तर पेंडीचा फोटो ग्रुपवर टाका. शेजाऱ्यालाही हा मेसेज पाठवा. 🙏